माऊसचं बटण डबल होतंय, चाक उलटं पळतंय? फेकण्याआधी हे तपासा

माऊस पूर्ण बंद पडला तर फारसं बिघडत नाही. दुसरा लावायचा आणि कामाला लागायचं. खरा ताप असतो तो अर्धवट बिघडलेल्या माऊसचा. दहा वेळा नीट चालतो आणि अकराव्या वेळी एका क्लिकचे दोन करतो. खाली जायला चाक फिरवावं तर पान वर उडी मारतं. तुम्ही सेवा केंद्र चालवत असाल, ग्रामपंचायतीत ऑपरेटर म्हणून लागला असाल किंवा एमएस-सीआयटीनंतर घरीच टायपिंगची कामं घेत असाल, तर हा बिघाड लवकर ओळखता आला पाहिजे. 'सबमिट'च्या बटणावर एकाचे दोन क्लिक झाले की पुढची गंमत गिऱ्हाईक सांगतं : "काहून भाऊ, माह्या एका अर्जाच्या दोन पावत्या काहून निघाल्या?"

आमच्याकडे यवतमाळच्या कापूसपट्ट्यात माऊस बिघडायला कारणांची कमी नाही. दिवाळीनंतर अर्ध्या घरांत कापसाची गंजी लागते, रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा कूलर दाराशी आणि धूळ टेबलावर. पावसाळ्यात भिंतींना ओल. त्यात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचं मिश्रण. ऑपरेटर खात नसला तरी 'जरा दाखवा बरं' म्हणत माऊस हातात घेणारे खातातच. दोन बटणांच्या मधल्या फटीत चुन्याची पांढरी रेघ दिसली की त्या माऊसचा इतिहास विचारावा लागत नाही.

खालच्या पायऱ्या क्रमानंच करा. बहुतेक जण थेट पेचकस हातात घेतात. निम्म्या वेळा दोष माऊसमध्ये नसतोच.

सोबत काय लागेल

तपासणीसाठी इंटरनेट लागत नाही. विंडोजमधलं पेंट आणि एक्सेल (नसेल तर लिब्रेऑफिसचं कॅल्क) पुरतं. याशिवाय :

- चालू असल्याची खात्री असलेला दुसरा माऊस, शेजाऱ्याकडून तासाभरासाठी आणलेला असला तरी चालेल
- बारीक चार-धारी पेचकस, मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे असतो तो
- जुना टूथब्रश, चिमटा, कानात घालायच्या कापसाच्या काड्या
- आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल दुरुस्तीवाले याला आयपीए म्हणतात, तालुक्याला मिळतं
- माऊसचं बिल. हमी शिल्लक असेल तर पाचवी पायरी वाचल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही

१. दोष माऊसचा की कॉम्प्युटरचा, ते आधी ठरवा

माऊस काढून दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. सीपीयूच्या पुढच्या बाजूची पोर्ट रोजच्या पेन ड्राइव्हनं ढिली झालेली असतात, म्हणून मागचं पोर्ट वापरून बघा. मधे यूएसबी हब असेल तर तो काढा आणि माऊस थेट जोडा.

मग माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, आणि उसना आणलेला माऊस तुमच्या कॉम्प्युटरला. बिघाड माऊसबरोबर दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेला तर दोष माऊसचा. उसना माऊसही तुमच्याकडे तसाच वागला तर दोष कॉम्प्युटरचा, सेटिंगचा नाहीतर कीबोर्डचा. हो, कीबोर्डचासुद्धा. ते पुढच्या पायरीत येतं.

जुन्या सीपीयूला गोल हिरव्या पिनेचा माऊस असेल, तर तो कॉम्प्युटर चालू असताना काढू-लावू नका. आधी बंद करा, पिन लावा, मग चालू करा. चालू असताना लावलेला तो माऊस बहुतेक वेळा ओळखलाच जात नाही आणि चांगला माऊस खराब ठरतो.

वायरलेस असेल तर सेल बदला. निम्मा उतरलेला सेल सर्वांत जास्त फसवतो : बाण हलतो, पण क्लिक मधूनच गळतात. रिसीव्हर सीपीयूच्या मागे, पत्र्याच्या आड असेल तर पुढे घ्या. निळ्या यूएसबी ३.० पोर्टमधल्या हार्ड डिस्कला तो चिकटून असेल तरी सिग्नलमध्ये अडथळा येतो, थोडा लांब लावा. एक गोष्ट मात्र दोषात धरू नका. वायरलेस माऊस पाच-दहा मिनिटं पडून राहिला की झोपतो आणि पहिली क्लिक त्याला जागं करण्यातच जाते.

२. सेटिंग आणि कीबोर्ड

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजी लिपीत 'मेन', मग टिंब, मग 'सीपीएल' (main.cpl) असं टाइप करून एंटर करा. माऊसच्या सेटिंगची जुनी खिडकी उघडेल. विंडोज ७ पासून ११ पर्यंत ती सारखीच आहे, म्हणून मी नेहमी तीच सांगतो.

तिथं चार गोष्टी बघायच्या. डावं-उजवं बटण अदलाबदल करण्याच्या चौकोनात खूण आहे का? घरातल्या पोरानं गंमत म्हणून केलेली असते, आणि 'क्लिकच होत नाही, नुसता मेनू उघडतो' ही तक्रार तिथंच मिटते. क्लिकलॉक चालू असेल तर बटण थोडा वेळ दाबून सोडल्यावरही दाबलेलंच धरलं जातं. फाइल बाणाला चिकटून फिरते आणि आपण बटणाला दोष देतो. डबल क्लिकचा वेग बघा. दोन क्लिकमधलं अंतर मुळात ५०० मिलीसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद धरलेलं असतं. वयस्कर माणसाला किंवा वर्गातल्या नव्या मुलांना तेवढ्यात जमत नसेल तर पट्टी हळूच्या बाजूला सरकवा. शेजारचं फोल्डरचं चित्र उघडतं-मिटतं, त्यावरच सराव करता येतो. आणि चाकाच्या पानावर एका खटक्याला किती ओळी, तो आकडा. तिथं ३ असायला हवा.

आता कीबोर्ड. चाक फिरवलं की पान वर-खाली जाण्याऐवजी अक्षरं लहान-मोठी होत असतील, तर माऊस बिलकूल चांगला आहे. कंट्रोलचं बटण अडकलंय. शिफ्ट अडकलं तर एक्सेलमध्ये एका क्लिकला रकानेच्या रकाने निळे होतात. दोन्ही बाजूंची कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट बटणं दोन-तीनदा टकटक दाबून सोडा. तरी जात नसेल तर कीबोर्ड काढूनच बघा.

लॅपटॉपवर टाइप करताना तळहात टचपॅडला लागून बाण उडत असेल, तर ते माऊसच्या खात्यावर टाकू नका.

३. बटणांची परीक्षा

*एकेरी क्लिक.* डेस्कटॉपवर एक रिकामं फोल्डर बनवा. त्याच्या चित्रावर एक क्लिक करा, मनात दोन आकडे मोजा, पुन्हा एक क्लिक. असं तीस-चाळीस वेळा. बोट कधी हलकं ठेवा, कधी जोरात, कधी बटणाच्या टोकाला, कधी मधे. यात फोल्डर एकदाही उघडलं तर डावं बटण डबल होतंय. 'एकदाच झालं, जाऊ द्या' असं म्हणू नका. दिवसभरात किती क्लिक होतात याचा विचार करा.

या परीक्षेत दोन फसव्या जागा आहेत. काही कॉम्प्युटरवर फोल्डर एकाच क्लिकला उघडण्याची सोय चालू केलेली असते, मग प्रत्येक क्लिकला उघडणारच. आणि क्लिक चित्रावर करा, नावावर नको. निवडलेल्या फोल्डरच्या नावावर सावकाश पुन्हा क्लिक झालं की विंडोजला वाटतं तुम्हाला नाव बदलायचंय.

*दाबून ओढणं.* पेंट उघडा आणि सरळ रेघेचं साधन घ्या, ब्रश नको. डावं बटण दाबून धरा आणि न सोडता रेघेचं टोक पडदाभर गोल गोल फिरवा, अर्धा-एक मिनिट. बोट बटणावरच आहे आणि रेघ मधेच जागेवर ठरून गेली, तर आत संपर्क सुटतोय. ब्रशनं हीच परीक्षा केली तर क्षणभराचा तुटवडा डोळ्याला दिसत नाही. रेघेच्या साधनाकडून तो सुटत नाही.

रोजच्या कामात हाच दोष वेगळ्या रूपात भेटतो. सातबाराची पीडीएफ एका फोल्डरमधून दुसऱ्यात ओढताना मधल्याच फोल्डरात पडते आणि मग ती शोधत बसायचं.

*उजवं बटण.* पेंटमध्ये डाव्या बटणानं पहिला रंग उमटतो आणि उजव्यानं दुसरा. पण दुसरा रंग मुळात पांढरा असतो. पांढऱ्या कागदावर पांढरी रेघ दिसणार नाही आणि चांगलं बटण मेलं असं वाटेल. आधी दुसरा रंग लाल करून घ्या. मग ब्रशनं डाव्यानं एक ओळ ठिपके काढा, उजव्यानं दुसरी. जितक्या वेळा दाबलं तितके ठिपके आले पाहिजेत.

*चाकाचं बटण.* चाक खालीही दबतं, हे नव्यानं शिकणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं. ब्राउझरमध्ये एखाद्या दुव्यावर चाक दाबा, तो नव्या टॅबमध्ये उघडायला हवा. टॅबवरच दाबलं तर टॅब बंद होतो. उलट, काही न करता टॅब आपोआप बंद होत असतील, तर चाकाखालचं बटण चिकटलंय असं समजा.

बाजूला अंगठ्याची दोन बटणं असतील तर ब्राउझरमध्ये मागे-पुढे जाऊन बघा. अर्ध्या भरलेल्या फॉर्मवर असताना नको.

नेटवर माऊस तपासणारी पानं असतात, बटण दाबलं की चित्रातलं बटण रंगतं. वापरायला हरकत नाही, पण त्यासाठी काही डाउनलोड करू नका. डबल क्लिक रोखणारी छोटी सॉफ्टवेअरही मिळतात आणि काही दिवस काम भागवतातही. तरीही ज्या कॉम्प्युटरला अंगठ्याचं मशीन जोडलंय आणि ज्यावर वॉलेट चालतं, तिथं अनोळखी जागेवरून आणलेली फुकटची वस्तू टाकायला मी कुणाला सांगणार नाही.

४. चाकाची परीक्षा

एक्सेलची कोरी शीट घ्या. पहिली ओळ वर दिसत असू द्या. चाक सावकाश, एकेक खटका मोजत दहा खटके खाली फिरवा. सेटिंगमध्ये ३ असेल तर वर ३१ वी ओळ आली पाहिजे. मग दहा खटके वर, पुन्हा १ ली. नजर डावीकडच्या ओळींच्या आकड्यांवरच ठेवा.

मग वेग बदला. जोरात, सलग, एकाच दिशेनं फिरवा. आकडे वाढत जाताना मधेच ११८, १२१, ११८ असे मागे आले तर चाकाचा आतला भाग मळलाय. बाणाची बटणं दाबूनही शीट विचित्र सरकत असेल, तर कीबोर्डवरचं स्क्रोल लॉक लागलंय. त्याचा माऊसच्या चाकाशी संबंध नाही.

चाक उलटं का पळतं, हे एकदा समजून घेतलं तर दुरुस्ती सोपी जाते. चाक फिरताना माऊसच्या चिपला दोन वेगवेगळे सिग्नल मिळतात, किंचित मागे-पुढे. कोणता आधी आला, त्यावरून ती दिशा ठरवते. धूळ, मळ किंवा झिजलेल्या पत्तीमुळे एक सिग्नल गळाला की क्रम चुकतो आणि चिपला दिशा उलटी वाटते. चिप बिघडलेली नसते, तिला बातमी अर्धी मिळते.

हे सिग्नल दोन प्रकारे बनतात. एका प्रकारात चाकाच्या आऱ्यांच्या एका बाजूला अदृश्य प्रकाशाचा छोटा दिवा आणि दुसऱ्या बाजूला तो पाहणारा सेन्सर असतो, आरे मधून फिरतात. दुसऱ्यात चाकाचा दांडा एका चौकोनी डबीच्या भोकात घुसलेला असतो आणि डबीच्या आत धातूच्या पत्त्या घासत असतात. तिला एन्कोडर म्हणतात. तुमच्याकडे कोणता आहे, ते उघडल्यावरच कळेल. साफसफाई दोन्हींची वेगळी.

५. हमी आहे का?

नावाजलेल्या कंपन्यांच्या माऊसवर साधारण एक ते तीन वर्षांची हमी असते. पक्कं बिल आणि माऊसच्या पोटावरचा क्रमांक वाचता येईल असा हवा. स्टिकर फाटलं किंवा स्क्रू उघडला की हमी गेली. म्हणून हमी असेल तर उघडू नका. पेंटची रेघ तुटतेय, फोल्डर एका क्लिकला उघडतंय, याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि माऊसबरोबर तो दाखवा. अधूनमधून येणारा दोष दुकानाच्या काउंटरवर हमखास लपतो आणि तुम्ही खोटे पडता. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या माऊसची हमी फक्त तोंडी असते.

६. न उघडता साफसफाई

माऊस कॉम्प्युटरपासून काढा. उलटा धरून तळहातावर हलके ठोके द्या. बटणांच्या फटीतून आणि चाकाच्या दोन्ही बाजूंनी कोरडा ब्रश फिरवा. कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून, पिळून, चाकाचं रबर पुसा. उन्हाळ्यात हे रबर चिकट होतं आणि दिवसभराची धूळ धरून बसतं. बाण अडखळत असेल तर पोटाखालच्या सेन्सरच्या भोकात केस किंवा रुईचा तंतू आहे का ते बघा, चिमट्यानं काढा.

आमच्याकडे जे 'उपाय' चालतात त्यातले हे टाळा :

- खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल. दोन दिवस चाक लोण्यासारखं फिरतं, मग त्याच तेलावर धूळ बसून चिखल होतो.
- पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रावण. प्लास्टिक विरघळतं किंवा तडकतं.
- हाताचं सॅनिटायझर. त्यात ग्लिसरीन असतं, सुकल्यावर आत चिकटपणा राहतो.
- पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा. दाब बेसुमार आणि हवेबरोबर पाण्याचे थेंब.

७. उघडायचं ठरवलंच तर

वायर काढलेली हवी. 'पाचच व्होल्ट आहेत' हे खरं, पण आपल्याकडच्या अनेक घरांत अर्थिंग नावालाच असतं. सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात त्या त्यामुळेच. वायरलेसचे सेल काढा.

स्क्रू दिसत नसतील तर ते पोटाखालच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली किंवा स्टिकरखाली असतात. पट्टी नखानं एका टोकाकडून उचला, गोंद वर येईल अशी बाजूला ठेवा. स्क्रू काढूनही झाकण निघत नसेल तर पुढे प्लास्टिकचे आकडे अडकलेले असतात. मागून थोडं उचलून पुढे सरकवा. जोर लावू नका. काही माऊसमध्ये वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी चपटी वायर असते, झाकण झटक्यात उघडलं की तुटते. झाकण निघाल्या निघाल्या मोबाईलवर फोटो काढा. चाकाची स्प्रिंग कुठं टेकली होती ते नंतर आठवत नाही.

चाक बाहेर काढा. दांड्यावर बहुधा केस आणि रुई गुंडाळलेली सापडेल, बैलगाडीच्या आसाला चारा गुंतावा तशी. चिमट्यानं सोडवा. निम्म्या माऊसचं चाक एवढ्यानंच ताळ्यावर येतं.

प्रकाशवाला प्रकार असेल तर दिवा आणि सेन्सरची तोंडं कोरड्या ब्रशनं, मग ओलसर काडीनं पुसा. आऱ्यांच्या खाचाही पुसा. तेवढं पुरतं.

डबीवाला एन्कोडर असेल तर त्याच्या कडेच्या बारीक फटीत अल्कोहोलचा एकच थेंब सोडा आणि चाक बसवून दोन्ही दिशांना भरपूर फिरवा. पुन्हा एक थेंब, पुन्हा फिरवा. पूर्ण सुकू द्या. अर्धा तास तरी वायर लावू नका, पावसाळ्यात त्याहून जास्त. आतल्या पत्त्या झिजलेल्या असतील तर दोष काही आठवड्यांनी परत येतो. मग एन्कोडर बदलायचा. पण तो वेगवेगळ्या उंचीचा येतो, जुना काढून मापून नेल्याशिवाय नवा घेऊ नका.

आता बटण. वरच्या प्लास्टिकच्या बटणाखाली सर्किटच्या पाटीवर एक छोटी आयताकृती डबी दिसेल, तिच्या डोक्यावर इवलासा दाबता येणारा ठिपका. हाच मायक्रोस्विच. आत तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पट्टी ताणलेली असते. दाबलं की टक्कन खाली उडी मारते, सोडलं की वर. उडी मारताना ती किंचित थरथरते आणि हे प्रत्येक स्विचमध्ये होतं. चिप काही मिलीसेकंद थांबून थरथर संपू देते आणि मग एक क्लिक मोजते. पट्टीचा ताण सैल झाला किंवा टोकावर काळपटपणा धरला की थरथर लांबते, आणि चिप एकाच्या दोन क्लिक मोजते. ओम्रॉन कंपनीच्या माऊस-स्विचचे १ कोटी, २ कोटी, ५ कोटी क्लिकचे प्रकार येतात. पण तो आकडा कारखान्यातल्या स्वच्छ परीक्षेचा आहे, आपल्याकडच्या धुळीचा आणि ओलीचा नव्हे.

उपाय तीन, सोप्याकडून अवघडाकडे. ठिपक्याच्या कडेनं अल्कोहोलचा बारीक थेंब सोडा, पन्नासेक वेळा दाबा, सुकू द्या. काळपटपणा असेल तर गुण येतो. पट्टी सैल झाली असेल तर दोन दिवसांत मूळ पदावर. दुसरा उपाय : डाव्या-उजव्या स्विचची अदलाबदल. उजवं बटण फार कमी वापरलं जातं, त्यामुळे त्याचा स्विच जवळजवळ नवाच असतो. त्यासाठी तीन-तीन पायांचं सोल्डर सोडवावं लागतं. दोन्ही स्विच एकाच प्रकारचे आहेत ना ते आधी बघा आणि पायांची दिशा उलटी करू नका. तिसरा उपाय, नवा स्विच. नागपूरला सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. सोल्डरिंगचा हात नसेल तर गावातला मोबाईल दुरुस्तीवाला दहा मिनिटांत करून देतो.

स्विचचं झाकण उघडून पट्टी चिमट्यानं वाकवायचे व्हिडिओ भरपूर आहेत. पट्टी नखाएवढी, वरचा ठिपका उडाला की खोलीत सापडत नाही. टाकाऊ माऊसवर हात बसल्याशिवाय त्या फंदात पडू नका.

माऊस अधूनमधून पूर्णच गायब होत असेल आणि विंडोज तुटल्या-जोडल्याचा आवाज करत असेल, तर वायर तपासा. ती बहुतेक माऊसच्या मानेशी तुटते. मान हळूहळू वाकवत बघा, एका कोनात चालतो आणि दुसऱ्यात नाही असं झालं की नक्की. तुटका भाग कापून वायर आतून पुन्हा जोडता येते. रंगाला रंग जुळवा. सुट्या वायरी वेगळ्या रंगांच्या निघाल्या तर अंदाजानं जोडू नका, पोर्ट जळेल.

८. गिऱ्हाईक समोर आणि माऊस मेला

फॉर्म अर्धा भरलाय, वीज कधी जाईल सांगता येत नाही, दुसरा माऊस नाही. कीबोर्डवर काम पूर्ण होतं. टॅबनं पुढच्या रकान्यात, शिफ्ट-टॅबनं मागे. चौकोनात खूण करायला स्पेस, यादीतून निवडायला बाणाची बटणं, बटण दाबायला एंटर. शिफ्ट आणि एफ-१० म्हणजे उजवी क्लिक.

बाणच हवा असेल तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा आणि विचारलं की 'हो' म्हणा. आता नंबरच्या पॅडवरच्या ८, २, ४, ६ नं बाण चालतो, ५ नं क्लिक होते, अधिकच्या चिन्हानं डबल क्लिक. वजाबाकीचं चिन्ह दाबल्यावर ५ उजवी क्लिक देतो, भागाकाराचं चिन्ह दाबलं की परत डावी. नंबरचं पॅड नसलेल्या छोट्या लॅपटॉपवर हे जमणार नाही, पण तिथं टचपॅड असतंच.

घाबरून एफ-५, म्हणजे पान पुन्हा लोड करणारं बटण, मात्र दाबू नका. भरलेला फॉर्म कोरा होऊ शकतो, आणि पैसे भरल्यानंतरच्या पानावर तीच मागणी दुसऱ्यांदा जाऊ शकते.

डबल होणाऱ्या माऊसवर काम रेटावंच लागलं, तर निदान पैसे भरण्याच्या आणि 'सबमिट'च्या बटणावर माऊस वापरू नका. टॅबनं त्या बटणापर्यंत जा आणि एंटर एकदाच दाबा.

९. नवा घेताना

साधा वायरचा माऊस २००-३०० रुपयांत येतो. त्यावर तीन वेळा तालुक्याला चकरा मारून दुरुस्ती करणं परवडत नाही. साफसफाईनं जमलं नाही आणि हमी नाही, तर नवा घ्या. जुना फेकू नका, त्याचा उजवा स्विच आणि वायर पुढच्या दुरुस्तीला कामी येते. महागाचा असेल तर स्विच बदलून घेणं केव्हाही फायद्याचं.

केंद्रासाठी मी वायरचाच सांगेन. वायरलेस दिसायला छान, पण सेल संपतो तो नेमका पीक विम्याच्या गर्दीत, आणि इवलासा रिसीव्हर झाडताना केरात जातो. दुकानात खोका उघडून माऊस दुकानदाराच्या कॉम्प्युटरला लावायला सांगा. पेंटमध्ये रेघ ओढा, एक्सेलमध्ये चाक फिरवा, फोल्डरवर वीसेक सावकाश क्लिक करा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या, पाच मिनिटांचं काम आहे. बिलावर मॉडेलचं नाव आणि तारीख लिहून घ्या. बिलाचा कागद उष्णतेनं छापणाऱ्या मशीनचा असेल तर घरी येताच त्याचा फोटो काढून ठेवा. आमच्या उन्हाळ्यात ती छपाई हमी संपायच्या आधीच उडून जाते.

शक्य असेल तर एकाच मॉडेलचे दोन घ्या. एक चालू ठेवा, दुसरा खोक्यासकट कपाटात, आणि खोक्यावर घेतल्याची तारीख.